थंड होत जाणाऱ्या ताऱ्याचं वय



तुमच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर कधी निवांत चाळलंय का? चाळलं नसेल तर एकदा बघाच. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या पानांवर जन्मतारखेच्या रकान्यात एकच तारीख खाली खाली उतरत गेलेली दिसेल, १ जून. निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं! बाप पोराला धरून शाळेत आणायचा. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप म्हणायचा, त्या साली लई पाऊस झाला होता. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. हात कानाला पोचला की सहा वर्षं भरली असं समजायचं. शाळा जूनमध्ये भरते म्हणून तारीख १ जून. माझ्या वडिलांचा वाढदिवससुद्धा आम्ही १ जूनलाच करतो.

त्या गुरुजींना नावं ठेवण्यासाठी हे सांगत नाही. त्यांनी जे केलं ते एक प्रकारचं मोजमापच होतं. जन्माची नोंद नाही, पण अंगावर काळाची खूण आहे, तिच्यावरून वय काढायचं. बाजारात बैल घेताना आपल्याकडे हेच करतात. जबडा उघडून दात बघतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. एकदा बैल जुळला की मग दातावरून नेमकं वय काढणं अवघड, तिथून पुढं व्यापारी सांगेल ते. म्हणजे प्रत्येक खुणेला मर्यादा असते, हेही त्यात आलं.

पाचवीला सूर्यमालेचा पाठ घेताना मी फळ्यावर लिहिलं, सूर्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, त्याचं रजिस्टर कुठंय?" वर्ग हसला. पण प्रश्न अगदी रास्त होता. पुस्तकात आकडा असतो, तो कुठून आला हे नसतं. आपणही मुलांकडून आकडा पाठ करून घेतो आणि पुढं जातो. यावेळी मी पुढं गेले नाही. पुढचे आठ-दहा तास (सलग नाही, जमेल तसे) आम्ही या एकाच प्रश्नावर घालवले. त्यातून जो पाठ तयार झाला तो इथं मांडते आहे. तुमच्या वर्गात करून बघा.

सूर्याचं वय खरं तर सूर्याकडे बघून काढलेलं नाही. ते उल्कापाषाणांवरून काढलेलं आहे. सूर्यासारखा तारा चेहऱ्यावर वय दाखवत नाही. आत हायड्रोजनचं हेलियम होत राहतं, बाहेर प्रकाश येत राहतो, आणि अब्जावधी वर्षांत त्याच्या तेजात फरक पडतो तो थोडाच. चुलीत लाकूड घालत राहिलात तर चूल तासापूर्वी पेटवली की सकाळी, हे जाळाकडे बघून कळत नाही, तसंच हे. पण जाळ संपला, लाकूड सारायचं बंद केलं आणि नुसते निखारे उरले, की मात्र कळतं. निखारा किती निवला त्यावरून चूल कधी विझवली ते सांगता येतं. आपल्या आज्या सांगायच्याच की! राखेत हात न घालता, नुसता वरून तळहात धरून.

आकाशातही असे निखारे आहेत. त्यांना श्वेत बटू म्हणतात. सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपलं की तो आधी फुगतो, बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो आणि मध्ये उरतो फक्त गाभा. आपला सूर्यही आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी याच वाटेनं जाणार आहे, आणि आकाशगंगेतल्या ९५ टक्क्यांहून जास्त ताऱ्यांचा शेवट हाच आहे. आकार साधारण पृथ्वीएवढा, पण वजन सूर्याच्या निम्म्याहून अधिक. त्यातला एक चमचा पदार्थ पाच टनांच्या आसपास भरेल. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना टन म्हणजे काय हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं, कारण त्यांचे आईबाप टनावर ऊस तोडतात. "म्हणजे दोन-तीन गाड्या ऊस एका चमच्यात," असा हिशोब त्यांनीच घातला.

या गाभ्यात आता काही जळत नाही. तो फक्त थंड होतो. म्हणून त्याचं तापमान हेच त्याचं घड्याळ.

इथं मी पाणी तापवायला लावलं. साहित्य फार नाही. स्टीलचे सारखे तीन पेले, प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर (तापाचा थर्मामीटर गरम पाण्यात बुडवू नका, तो त्यासाठी नसतो), गोधडीचा एक तुकडा, घड्याळ आणि चौकटींची वही. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी पाणी तापवून दिलं. पहिल्या पेल्यात ८० अंशांपासून नोंद सुरू केली. १० मिनिटांनी ६६, २० मिनिटांनी ५६, ३० मिनिटांनी ४९, ४० मिनिटांनी ४३. मुलांनी बिंदू जोडले आणि आधी त्यांना वाटलं की आपलं काही तरी चुकलं, रेघ सरळ येईना. पहिल्या दहा मिनिटांत १४ अंश उतरले, शेवटच्या दहा मिनिटांत ६. का? गरम असताना उष्णता भराभर जाते, निवत आलं की हळूहळू. हे त्यांना चहा पिताना माहीतच असतं, पण वहीवर वाकलेली रेघ बघितल्यावर ते माहीत असणं वेगळं होतं.

मग कोडं घातलं. दुसरा पेला ताईंनी आमच्या नकळत भरून ठेवला होता, ८० अंशांनाच, आणि वेळ एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी घडी करून ठेवली होती. आम्ही तापमान घेतलं, ५२. "आता सांगा, हा कधी भरला?" मुलांनी आलेखावर ५२ वरून आडवी रेघ नेली, वक्राला लागली तिथून खाली आणली, २५ मिनिटं. चिठ्ठी उघडली, २६. वर्गात जो आरडाओरडा झाला त्यानं शेजारच्या वर्गाचे गुरुजी बघायला आले.

ताऱ्यांच्या बाबतीतही नेमकं हेच करतात. फरक इतकाच, की तो आलेख काढायला ४० मिनिटं नाही, अब्जावधी वर्षं लागतील. तेवढं कोण थांबणार? म्हणून आलेख गणितानं काढावा लागतो. त्यालाच प्रतिमान म्हणतात. लिऑन मेस्टेल यांनी १९५२ साली श्वेत बटू किती वेगानं निवतो याचं पहिलं सोपं गणित मांडलं. आजच्या प्रतिमानांनुसार सूर्याच्या ०.६ पट वजनाचा श्वेत बटू लाखभर अंशांवरून ३० हजारांवर यायला साधारण एक कोटी वर्षं लागतात, १० हजारांवर यायला अर्ध्या अब्जाहून जास्त, आणि ४ हजारांवर यायला तब्बल आठ-नऊ अब्ज. आमच्या पेल्याचीच वाकलेली रेघ, फक्त लांब ताणलेली. सगळ्यात जुने आणि थंड श्वेत बटू तीन-साडेतीन हजार अंशांच्या आसपास असतात. जुन्या पिवळ्या बल्बची तार अडीच हजारांना तापते, म्हणजे तिच्याहून थोडेच गरम. त्याहून फार थंड, पूर्ण विझलेला असा एकही अजून असू शकत नाही, कारण विश्वाचंच वय १३.८ अब्ज वर्षं आहे. विझायला तेवढा वेळच अजून झालेला नाही! हे वाक्य फळ्यावर लिहून मी जरा गप्प राहिले. मुलंही गप्प होती.

तिसरा पेला मुद्दाम गोधडीत गुंडाळून ठेवला होता. अर्ध्या तासानं त्याचं तापमान निघालं ६४. आलेखावरून उत्तर येतं बारा मिनिटं, आणि खरी वेळ तीस. मुलं वैतागली. एक जण म्हणाला, "गोधडी आहे हे आधी सांगायला पाहिजे होतं." बरोबर! प्रतिमानाला गोधडी माहीत पाहिजे. श्वेत बटूच्या गाभ्यातली उष्णता धातूतून जावी तशी सहज इकडून तिकडे जाते, त्यामुळे आतला सगळा भाग जवळपास एकाच तापमानाला असतो. वर मात्र हायड्रोजनचं किंवा हेलियमचं पातळ पांघरूण असतं, आणि किती उष्णता बाहेर पडणार हे ते पांघरूण ठरवतं. म्हातारपणी हेलियमचं पांघरूण असलेले तारे लवकर निवतात, हायड्रोजनवाले उशिरा. म्हणून वय काढण्याआधी पांघरूण कशाचं आहे ते शोधावं लागतं. रात्री निखाऱ्यांवर राख ओढून ठेवली की सकाळी त्याच विस्तवावर चूल पेटते, हे आमच्या मुलांना शिकवावं लागलं नाही. गॅस आला तरी न्हाणीचं पाणी अजून बऱ्याच घरी चुलीवरच तापतं.

आता थोडं शिक्षकांसाठी.

डीएडला आपण सगळ्यांनी कोठारी आयोग पाठ केलाय. १९६४ ते ६६, १०+२+३ चा आकृतिबंध, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर. हमखास प्रश्न! त्या अहवालाचं पहिलं वाक्य तर कितीतरी शाळांच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. पण कोठारी कोण, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. दौलतसिंह कोठारी हे भौतिकशास्त्रज्ञ होते. जन्म १९०६, उदयपूर. अलाहाबादला मेघनाद साहांचे विद्यार्थी, तिथून केंब्रिजला राल्फ फाउलर यांच्याकडे, आणि १९३४ पासून दिल्ली विद्यापीठात. आणि त्यांचं संशोधन कशावर? श्वेत बटूंच्या आतल्या पदार्थावर. थंड पदार्थावर! हे वाचलं तेव्हा मी माझं डीएडचं जुनं पुस्तक काढून पुन्हा बघितलं. त्यात त्यांच्या या कामाबद्दल एक ओळ नाही.

त्या काळात कोडं असं होतं. श्वेत बटू इतका दाबलेला असतो की त्यातल्या अणूंची मोडतोड झालेली असते, इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. हा तारा थंड झाला की सुटे इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंना चिकटायला हवेत, म्हणजे पदार्थ पुन्हा साध्या दगडामातीसारखा व्हायला हवा. पण त्यासाठी ताऱ्याला फुगावं लागेल, आणि गुरुत्वाकर्षणाविरुद्ध फुगायला ऊर्जा लागते. ती तर सगळी संपत आलेली. म्हणजे विझायलाही उष्णता पाहिजे आणि उष्णता तर जवळ नाही, अशी अडचण. आर्थर एडिंग्टन यांनी ही अडचण मांडली होती. १९२६ मध्ये फाउलर यांनी ती सोडवली. इतक्या दाटीत इलेक्ट्रॉनांना एकमेकांच्या जागेवर बसता येत नाही. तारा पूर्ण थंड झाला तरी ते दाब देतच राहतात. म्हणून श्वेत बटू निवतो, पण त्यासाठी त्याला फुगावं लागत नाही आणि तो कोसळतही नाही.

कोठारींनी पुढचा प्रश्न घेतला. अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला उष्णताच लागते का? त्यांचे गुरू साहा यांचं सगळं नाव उष्णतेनं होणाऱ्या आयनीभवनाच्या समीकरणामुळे झालं होतं. शिष्यानं १९३० च्या दशकात दाखवलं की नुसत्या दाबानंही इलेक्ट्रॉन सुटतात, पदार्थ अगदी थंड असला तरी. त्यातून त्यांनी एक गमतीदार गोष्ट काढली. थंड पदार्थाचा गोळा कितीही मोठा करता येत नाही. माती टाकत गेलात तर आधी तो मोठा होत जातो, पण एका हद्दीपुढं आतले अणूच चेपले जातात आणि गोळा उलट लहान व्हायला लागतो. ही हद्द साधारण गुरू ग्रहाच्या आकाराएवढी येते. तिच्या अलीकडे ग्रह, पलीकडे श्वेत बटू. मुलांना हे ज्वारीच्या पिठावर सांगता येईल का याचा मी बराच विचार केला, जमलं नाही. तुम्हाला काही सुचलं तर जरूर कळवा.

हाच माणूस पुढं १९६१ ते १९७३ विद्यापीठ अनुदान आयोगाचा अध्यक्ष होता. आणि शिक्षण आयोगात त्यांच्याबरोबर सदस्य-सचिव म्हणून होते आपले जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. आयोगाच्या शिफारशींवर भरपूर बोलता येईल, तो आजचा विषय नाही. पण ताऱ्याच्या पोटात डोकावलेला माणूस प्राथमिक शाळेचाही विचार करत होता, हे कळल्यापासून तो अहवाल मला जरा कमी कोरडा वाटायला लागला.

चंद्रशेखर यांचं नाव तुम्ही ऐकलेलं असतं, म्हणून थोडक्यात. १९३० च्या जुलैअखेर वयाच्या १९ व्या वर्षी ते मुंबई बंदरातून बोटीनं इंग्लंडला निघाले, आणि त्या प्रवासात फाउलर यांच्याच गणिताला त्यांनी पुढं नेलं. श्वेत बटूच्या वजनाला मर्यादा असते, आज तो आकडा सूर्याच्या सुमारे १.४ पट धरतात. १९३५ मध्ये एडिंग्टन यांनी भर सभेत त्यांच्या या निष्कर्षाची खिल्ली उडवली. नोबेल मिळालं १९८३ ला. पुण्याच्या आयुका या संस्थेचं राष्ट्रार्पण डिसेंबर १९९२ मध्ये त्यांच्याच हस्ते झालं. आयुकात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून झालेली, आणि तिच्या इमारतीचं नाव पुलस्त्य! सप्तर्षींमधला ताराही तोच आणि पुलंही त्यातच. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्तानं आयुका सर्वांना खुलं असतं. चौसाळ्याहून लांब पडतं, पण सहल काढायचीच असेल तर बागेपेक्षा हे बरं.

परत वर्गात येऊ, कारण मेणाचा प्रयोग राहिला आणि तो सगळ्यात चांगला आहे. दिवाळीतल्या उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे पेल्यात घालून पेला गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला. मेण सरळ आचेवर ठेवू नका, पेट घेतं. वितळल्यावर पेला बाहेर काढून दर दोन मिनिटांनी तापमान घेतलं. ७५ वरून भराभर खाली, आणि ५८ च्या आसपास येऊन आकडा अडला. ५८, ५८, ५७, ५८, ५७. मुलं थर्मामीटर हलवून बघायला लागली, बिघडला म्हणून. तेवढ्यात एकीनं सांगितलं, "मॅडम, कडेनं गोठायला लागलंय." द्रव घट्ट होताना आतली उष्णता बाहेर सोडतो आणि तेवढा वेळ तापमान पडत नाही. सगळं मेण गोठल्यावर मगच आकडा पुन्हा उतरायला लागला.

श्वेत बटूही असाच गोठतो. त्याचा गाभा कार्बन आणि ऑक्सिजनचा असतो. निवता निवता तो मधूनच स्फटिक व्हायला लागतो. ह्यू व्हॅन हॉर्न यांनी १९६८ मध्ये हे सांगितलं होतं, की गोठताना उष्णता सुटेल आणि तारे त्या टप्प्यावर रेंगाळतील, तिथं त्यांची गर्दी दिसेल. ही गर्दी दिसायला पन्नास वर्षं लागली. युरोपच्या गाया या उपग्रहानं हजारो श्वेत बटूंची अंतरं नेमकी मोजली, आणि २०१९ मध्ये ती गर्दी आलेखावर स्पष्ट दिसली. काही तारे तर याहूनही जास्त रेंगाळलेले निघाले, अब्जावधी वर्षं. २०२४ मध्ये त्याचं एक कारण मांडलं गेलं. या ताऱ्यांत तयार होणारे स्फटिक खाली बसण्याऐवजी वर तरंगतात, जड द्रव खाली सरकतो आणि त्यातून आणखी उष्णता मिळत राहते. वर्तमानपत्रात अशा बातम्या 'आकाशात सापडला हिरा' म्हणून येतात. मुलांना हिरा आवडतो, पण त्यात मुद्दा हरवतो. मुद्दा हा, की आलेखात सपाट जागा धरली नाही तर वय चुकतं.

आणि एक फसवणूक सांगते, ती मला फार आवडली. घिसाड्याच्या भट्टीतून कोयत्याचं पातं बाहेर काढलं की आधी पांढरट-पिवळं, मग तांबडं, मग काळं. मुलांनी बघितलेलं असतं. तारेही तसेच, थंड झाले की तांबूस. म्हणून अतिथंड श्वेत बटू गडद तांबडे असणार असंच सगळे धरून होते. पण तापमान चार-साडेचार हजार अंशांच्या खाली गेलं की ज्यांच्याभोवती हायड्रोजन आहे त्यांच्यात हायड्रोजनचे रेणू बनतात. ते दाटीत एकमेकांवर आदळतात आणि नेमका तांबड्यापलीकडचा, अवरक्त प्रकाश गिळतात. उरलेला प्रकाश निळसरच दिसतो. म्हणजे थंड होता होता तारा एका टप्प्यावर पुन्हा निळसर व्हायला लागतो! १९९८ ते २००० च्या सुमाराला हे गणितात आणि दुर्बिणीत दोन्हीकडे पक्कं झालं. तोवर जे फक्त तांबडे ठिपके शोधत होते त्यांच्या नजरेतून हे म्हातारे निसटत होते.

मोजणीचं फळ काय? १९८७ मध्ये डोनाल्ड विंगेट आणि सहकाऱ्यांनी आपल्या परिसरातले सगळ्यात मंद श्वेत बटू मोजले. एका हद्दीखाली ते सापडतच नाहीत, त्याहून जुने नाहीतच म्हणून. त्यावरून आकाशगंगेच्या तबकडीचं वय निघालं ९.३ अब्ज वर्षं, दोन अब्ज इकडे किंवा तिकडे. २००२ मध्ये हबल दुर्बिणीनं एम-४ या तारकागुच्छातले श्वेत बटू टिपले. हा गुच्छ वृश्चिकेत, ज्येष्ठा ताऱ्याच्या अगदी शेजारी आहे. त्यातले सगळ्यात मंद ठिपके डोळ्याला दिसू शकणाऱ्या ताऱ्याच्या एक अब्जांशाहूनही मंद होते. वय आलं १२ ते १३ अब्ज वर्षं. उन्हाळ्यात अंगणात झोपताना ज्येष्ठा दाखवा. मात्र श्वेत बटू दाखवायच्या फंदात पडू नका, नुसत्या डोळ्यांना एकही दिसत नाही. व्याधाचा जोडीदार श्वेत बटू आहे, पण तो व्याधाच्या झगझगाटात हरवलेला असतो. मुलांना "ते बघ, तिथंय" म्हणायचं आणि तिथं काहीच दिसत नाही, यानं त्यांचा आपल्यावरचा विश्वास जातो.

'दोन अब्ज इकडे किंवा तिकडे' यावर आमच्या वर्गात वाद झाला. एवढं चुकतं तर काय उपयोग, असं एका मुलाचं म्हणणं. त्याच वादात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आमच्या आजीचं वय बी असं काढता येईल का?"

तिच्या आजीच्या आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९६५. जून गेला, जानेवारी आला, बाकी तेच! श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनला ६५ पूर्ण लागतात. कागदानुसार आजी साठीच्या आत-बाहेर. अर्ज दोनदा परत आला होता. आजीला दिसतं कमी, ऊसतोडीला जाणं सुटून वर्षं झाली.

मी म्हटलं, काढून बघू. खुणा शोधा. मुलगी आजीला विचारून आली. ७२ च्या दुष्काळात आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, तिथं मिळालेली सुकडी खायची, मिलोच्या भाकरी करायची, आणि त्याच साली थोरला मुलगा पोटात होता. लग्नाला तेव्हा दोन-तीन वर्षं झालेली. मुलांनी फळ्यावर हिशोब मांडला. १९६५ चा जन्म खरा धरला तर ७२ मध्ये आजी सात वर्षांची. सात वर्षांची बाई खडी फोडते आणि पोटात पोर? वर्ग आधी हसला, मग कुणी हसेना. थोरल्या मुलाचं नाव आपल्याकडच्याच जुन्या रजिस्टरात मिळालं, जन्मतारीख १ जून १९७३. म्हणजे सरकारी कागदांवर आई मुलापेक्षा आठ वर्षांनी मोठी. एक कागद आजीचा, एक मुलाचा, दोन्ही खरे असूच शकत नाहीत. ७२ मध्ये ती निदान सोळा-सतरा वर्षांची धरली तर जन्म ५५-५६ च्या सुमाराचा, आणि आज वय सत्तरच्या आसपास. दोन-तीन वर्षं इकडे किंवा तिकडे. ज्या मुलानं 'काय उपयोग' म्हटलं होतं तोच म्हणाला, "तीन वर्षं कमी धरली तरी ६५ च्या वर जातंय की."

मुलाच्या नोंदीचा निर्गम उतारा काढून दिला, फळ्यावरचा हिशोब एका कागदावर नीट लिहिला, आणि आजीचा मुलगा तो घेऊन तिसऱ्यांदा गेला. पुढं काय झालं विचाराल तर, वैद्यकीय तपासणी करून वयाचा दाखला आणा असं सांगितलंय. तारीख मिळाली ती पाडव्यानंतरची. घरातले सगळे तोवर फडावर, आजीला तालुक्याला न्यायला कुणी नाही. शाळेतल्या आम्ही दोघींनी ठरवलंय की त्या दिवशी आपणच न्यायचं.

हा पाठ घ्यायचा असेल तर दिवाळीच्या सुट्टीआधी घ्या, हे बीड, धाराशिवकडच्या शिक्षकांना मुद्दाम सांगते. मेणाचा प्रयोग आम्ही सुट्टीनंतर केला तेव्हा ३१ पैकी १४ मुलं वर्गात होती, बाकीची आईबापांबरोबर गेलेली. ज्यानं रजिस्टर कुठंय असं विचारलं होतं तोही गेलेला. त्याच्या वडिलांच्या मोबाइलवर मी मेणाच्या आलेखाचा फोटो टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं, बोलून पाठवलेलं, मागं ट्रॅक्टरचा आवाज. त्याला विचारायचं होतं की सपाट जागा नेमकी किती मिनिटांची आहे, कारण फोटोत आकडे नीट दिसत नव्हते. मी नऊ मिनिटं असं कळवलं. आलेख काढताना आकडे जाड पेननं लिहा, पेन्सिलचे फोटोत येत नाहीत.